समुद्र कुणाला बघायचाय?

खंड्याच्या प्लीहेवर गाठ आहे, हे आम्हाला ऑगस्टातल्या एका गुरुवारी कळलं. वय १३, वजन ३२ किलो, जात लॅब्रेडॉर आणि उरलेलं देव जाणे काय. शिकागोच्या उपनगरात त्याचं नाव कुणालाच नीट घेता येत नाही, त्यामुळे दवाखान्याच्या कागदांवर आणि तोंडी तो कायम 'कँडिया' असतो. डॉक्टरीणबाईंनी अल्ट्रासाउंडच्या पडद्यावर तो काळसर गोळा दाखवला आणि दोन रस्ते सांगितले. ऑपरेशन करून प्लीहा काढायची, मग केमो. तरी मिळतील ते काही महिने. किंवा काहीच करायचं नाही. मग काही आठवडे, कदाचित दोन महिने, आणि कुठल्याही दिवशी आतल्या आत रक्तस्राव. बोलणं संपल्यावर त्यांनी टिश्यूचा डबा आमच्याकडे सरकवला. खंड्या टेबलाखाली झोपला होता.

पार्किंगमध्ये गाडी सुरू न करता आम्ही बराच वेळ बसलो. मग नवरा म्हणाला, "त्याने समुद्र पाहिलेला नाही."

ऑपरेशन करायचं नाही, हे आम्ही त्या वाक्यातच ठरवून टाकलं, हे मला नंतर कळलं. पुढच्या आठवड्यात नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने त्याचा पिकअप ट्रक आणि त्यावरचा कँपर तीन आठवड्यांसाठी दिला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: ट्रकच्या मागच्या उघड्या हौद्यात एक छोटी खोली बसवलेली असते. ड्रायव्हरच्या डोक्यावर येणारा पलंग, दोन शेगड्या, एक टेबल, पाण्याची टाकी, गॅसवर चालणारा हीटर, छपरावर सोलर पॅनल. आत दोन माणसं एकाच वेळी उभी राहिली, तर एकाला 'सरक' म्हणावंच लागतं. कुत्री प्रवासात ट्रकच्या मागच्या सीटवर बसतात, रात्री कँपरमध्ये झोपतात. कँपरचं दार जमिनीपासून चांगलं उंच असतं, म्हणून खंड्यासाठी आम्ही एक घडीची फळी घेतली, घसरू नये म्हणून खरखरीत केलेली. बरोबर बुंदीही होती. बुंदी तीन वर्षांची, शेल्टरमधून आणलेली. तिचा या गोष्टीत नंतर उल्लेख येईल. तसा तो आधीच यायला हवा होता.

निघायच्या आदल्या रात्री वाईला फोन केला. आमच्या वाईच्या घरी अंगणात कायम कुत्रं असायचं. घरात कधीच नाही, पण पहिली भाकरी त्याची. म्हणजे आईला कुत्र्यांचं वावडं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "समुद्र त्याला बघायचाय की तुम्हाला?"

मी हसले. मग म्हटलं, आई, उशीर झालाय, उद्या बोलते.

*

पश्चिमेला निघणं ही अमेरिकेतली जुनी सवय आहे, आणि तिच्यात कुत्रं असणंही जुनं आहे. आय-९० या महामार्गाने साउथ डकोटात शिरलं की चेंबरलेन नावाच्या गावापाशी मिसुरी नदी आडवी येते. वरच्या विसाव्याच्या जागी ल्यूइस आणि क्लार्क यांच्या मोहिमेचं माहिती केंद्र आहे. १८०४ साली ही माणसं याच नदीतून उलट्या प्रवाहाने पश्चिमेला गेली, थेट प्रशांत महासागरापर्यंत. ल्यूइसबरोबर त्याचा कुत्रा होता, सीमन नावाचा न्यूफाउंडलंड. २० डॉलरना घेतलेला. त्याला वाटेत बीव्हर इतक्या जोरात चावला की तो रक्त जाऊन मरणार असंच ल्यूइसला वाटलं होतं. परतीच्या वाटेवर, १८०६च्या जुलैत, डासांच्या त्रासाने कुत्रा विव्हळतोय असं त्याने लिहून ठेवलंय. त्यानंतर दैनंदिनीत सीमनचं नाव येत नाही.

मला मात्र या मोहिमेतली दुसरीच गोष्ट डोक्यातून जात नाही. कोलंबिया नदीच्या काठाने जाताना या लोकांना मासे खाऊन कंटाळा आला, तेव्हा त्यांनी तिथल्या मूळनिवासींकडून कुत्री विकत घेऊन खाल्ली. एखाददुसरं नव्हे, शंभराहून जास्त. क्लार्कला ते मांस आवडलं नाही, ल्यूइसला आवडलं. आणि त्याच ल्यूइसने, सीमनला काही जणांनी पळवलं तेव्हा, तीन माणसं मागावर पाठवली: विरोध केला तर गोळी घाला. एक कुत्रा असा की त्याच्यासाठी माणूस मारायची तयारी, आणि बाकीची रात्रीच्या जेवणाला. दोन्हींत फरक काय, तर एकाला नाव होतं.

दुसरा प्रसिद्ध प्रवासी कुत्रा बड. १९०३ साली होरेशियो नेल्सन जॅक्सन नावाच्या डॉक्टरने ५० डॉलरच्या पैजेवर सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कपर्यंत मोटार चालवत नेली. मोटारीने हा देश ओलांडण्याची ती पहिली वेळ. ६३ दिवस लागले. तो उलटा, पूर्वेकडे चालला होता, ते सोडा. आयडाहोत त्याने १५ डॉलरना बडला घेतलं. मोटारीला काच नव्हती, धुळीने कुत्र्याचे डोळे सुजायला लागले, म्हणून माणसांसारखा चष्मा त्यालाही चढवला. तो चष्मा आज वॉशिंग्टनच्या म्युझियममध्ये आहे. बडचे चष्म्यातले फोटो बघून सगळ्यांना हसू येतं. मलाही आलं. मग वाटलं, डोळे सुजले म्हणून चष्मा घालणं हा एक उपाय होता. कुत्र्याला गाडीतून उतरवणं हा दुसरा.

आणि तिसरा, साहित्यातला, चार्ली. १९६०मध्ये जॉन स्टाइनबेकने ट्रकवर कँपर बसवून घेतला, डॉन किहोटेच्या घोड्याचं 'रोसिनांते' हे नाव त्याला दिलं आणि आपल्या पूडलला घेऊन देश बघायला निघाला. चार्ली तेव्हा तरुण नव्हता, वाटेत आजारीही पडला. पुस्तकात माणूस आणि कुत्रा एवढेच दिसतात. प्रत्यक्षात स्टाइनबेकची बायको पुस्तकात दिसते त्यापेक्षा बरीच जास्त बरोबर होती, हे पुढे शोधणाऱ्यांनी दाखवून दिलं. मला यात गंमत वाटते. बायकोला प्रवासातून वगळलं तर पुस्तक जास्त एकाकी आणि सुंदर होतं. कुत्र्याला वगळलं, तर पुस्तकच उरत नाही.

तिघांपैकी कुणालाही कुणी विचारलेलं नाही. हे म्हणणं बाळबोध आहे, मला कळतं. कुत्र्याला विचारायचं म्हणजे काय? पण "त्याला कसं विचारणार" या प्रश्नाचं उत्तर आपण फार पटकन "म्हणून विचारायचं नाही" असं देऊन टाकतो, आणि या दोन वाक्यांमध्ये बरंच अंतर आहे.

*

साउथ डकोटातल्या वॉल गावाजवळ बॅडलँड्सच्या कड्यावर फुकट मुक्काम करता येतो. ते सरकारी गवताळ रान आहे, १४ दिवसांपर्यंत कुणीही राहावं. खाली मैलोन् मैल झिजलेल्या, पट्ट्यापट्ट्यांच्या टेकड्या, संध्याकाळी गुलाबी होणाऱ्या. शेजारच्या नॅशनल पार्कमध्ये कुत्र्यांना पायवाटांवर बंदी. पार्किंग आणि रस्ता एवढाच त्यांचा, आणि दोरी सहा फुटांपेक्षा लांब नको. म्हणून आम्ही बाहेरच थांबलो. सूर्य मावळायला लागल्यावर नवऱ्याने खंड्याला कड्यापासून सुरक्षित अंतरावर बसवलं आणि मी फोटो काढायला लागले.

खंड्याने सूर्यास्ताकडे पाठ केली. त्याला ट्रकच्या पुढच्या उजव्या चाकात रस होता. दोन दिवसांत त्या चाकाने आयोवा सोडून तीन राज्यांचे रस्ते, मेलेले किडे, कुणाकुणाचं मूत असं बरंच काही गोळा केलं असणार. तो शांतपणे, न घाईने ते सगळं हुंगत राहिला. मी त्याला हाक मारली, बिस्कीट दाखवलं, त्याने मान वळवली, फोटो निघाला. त्या फोटोला भरपूर लोकांनी बदाम पाठवले. "लास्ट ट्रिप", "सो लकी", वगैरे. फोटोत असं दिसतं की म्हातारा कुत्रा मावळतीकडे बघतोय. प्रत्यक्षात तो पार्ले-जीकडे बघतोय.

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि त्याला कारण खंड्या नव्हता. दुसराच एक फोटो होता.

२०१६ साली आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले होते. परदेशात राहणाऱ्या मुलांना एक ताप येतो: आई-बाबांना सगळं दाखवायचं. आम्ही त्यांना ग्रँड कॅन्यनला नेलं. विमान, मग भाड्याची गाडी, मग रांग. बाबांचे गुडघे दुखायचे. प्रत्येक ठिकाणी मी विचारायचे, "आवडलं ना?" आणि बाबा म्हणायचे, "छान आहे." हॉटेल छान आहे. दरी छान आहे. मेक्सिकन भातही छान आहे. दरीच्या काठावरचा त्यांचा फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे. पाठीमागे कोट्यवधी वर्षांचे खडक, आणि बाबा बघतायत माझ्याकडे, मी सांगेन तिथे उभं राहून, मी सांगेन तोवर.

२०२१मध्ये बाबा गेले. त्यानंतर कधीतरी, बोलता बोलता, आई म्हणाली, "त्यांना खरं तर तुझ्याकडची ती कचऱ्याची गाडी फार आवडायची." आमच्याकडे मंगळवारी कचऱ्याची गाडी येते. तिला एक यांत्रिक हात असतो. तो डबा उचलतो, उलटा करतो, जागेवर ठेवतो, कुणी खाली उतरत नाही. बाबा सकाळी सातपासून खिडकीत चहा घेऊन बसायचे. आयुष्यभर नगरपालिकेत काम केलेला माणूस. आई पुढे म्हणाली, "आपण कॅन्यनला मंगळवारी निघालो ना, म्हणाले होते मला, बुधवारी निघालं असतं तरी चाललं असतं."

त्यांनी हे मला का सांगितलं नाही? त्यांना तर बोलता येत होतं.

बॅडलँड्सच्या कड्यावर पडल्या पडल्या माझ्या लक्षात आलं की मी चुकीच्या ठिकाणी अडकले होते. मला वाटत होतं की खंड्याची अडचण ही की त्याला भाषा नाही. बाबांकडे भाषा होती. सुरेख, नेटकी, वाईची भाषा. पण मुलीने तिकिटं काढलेली, रजा घेतलेली, तिच्या चेहऱ्यावर तो उत्साह. त्यात "नको" हा शब्द बसायला जागाच नव्हती. मी विचारत होते, पण माझ्या प्रश्नाला एकच उत्तर चालणार होतं. अशा विचारण्याला विचारणं म्हणतात का?

*

नवऱ्याचं म्हणणं वेगळं होतं आणि ते कच्चं नव्हतं. तो म्हणाला, "हे बघ, कुत्र्याला जागा कळत नाही, माणसं कळतात. घरी असतो तर आपण दोघं दिवसाचे नऊ तास कामावर. इथे त्याला आपण चोवीस तास मिळतो. त्याच्यासाठी हाच समुद्र."

हे मला पटलं. अजूनही बरंचसं पटतं. मग मी विचारलं, "तसं असेल, तर आपण तीन आठवडे रजा टाकून घरीच का नाही बसलो त्याच्याजवळ?"

वायोमिंगची हद्द ओलांडेपर्यंत तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "घरी बसलो असतो तर नुसती वाट बघत बसलो असतो."

तीन हजार किलोमीटरच्या प्रवासाचं इतकं सरळ कारण मी ऐकलं नव्हतं. आम्ही त्याला समुद्राकडे नेत नव्हतो. आम्ही त्याच्या मरणाच्या पुढे पुढे पळत होतो, आणि ज्याचं मरण तोच मागच्या सीटवर. म्हणून प्रवास वाईट ठरतो का? नाही ठरत. स्वतःसाठी केलेल्या गोष्टीत दुसऱ्याचंही भलं असू शकतं. पण "त्याच्यासाठी" हा शब्द खाली ठेवावा लागतो. तो शब्द वापरला की आपल्याला कुणी उलट विचारू शकत नाही, आणि सगळ्यात सोयीचं हे की तो स्वतःही विचारू शकत नाही.

स्यू डोनाल्डसन आणि विल किम्लिका या दोघांचं 'झूपोलिस' नावाचं पुस्तक आहे, २०११चं. ते म्हणतात, आपण पाळलेल्या प्राण्यांना नुसतं दयेचे धनी समजू नका. त्यांना आपल्या समाजात आपणच आणलंय, तर त्यांना नागरिकासारखं वागवा. त्यांना काय हवं-नको ते सांगता येतं, फक्त ते समजून घ्यायला त्यांना ओळखणारं, विश्वासाचं माणूस लागतं. लहान मुलांबद्दल, काही अपंगत्व असलेल्या माणसांबद्दल आपण हे मान्य करतो, मग कुत्र्याबद्दल का नाही? वाचताना मला हे फार मोठं पाऊल वाटलं होतं. प्रवासात वाटलं, यातला अवघड भाग 'ओळखणारं माणूस' हा आहे. ओळखणाऱ्या माणसालाच तर प्रवासाला जायचं होतं.

आणि म्हणून मला महाप्रस्थानाची आठवण झाली. पांडव राज्य सोडून निघतात तेव्हा एक कुत्रं त्यांच्या मागे लागतं. आधी पूर्वेला, मग दक्षिणेला, मग पश्चिमेला. तिथे ते समुद्रात बुडालेली द्वारका पाहतात. म्हणजे त्या कुत्र्याने पश्चिमेचा समुद्र पाहिला. मग उत्तरेला हिमालय. एकेक जण पडत जातो, शेवटी युधिष्ठिर आणि कुत्रा उरतात. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, कुत्र्याला स्वर्गात जागा नाही. युधिष्ठिर म्हणतो, आश्रयाला आलेल्याला टाकून मला स्वर्ग नको. शाळेत ही गोष्ट आपल्याला निष्ठेची म्हणून शिकवतात. मला आता तिच्यातल्या दोन गोष्टी दिसतात. एक, त्या कुत्र्याला कुणी बांधून आणलेलं नव्हतं. ते स्वतः चालत आलं होतं, रोज सकाळी परत फिरायची मुभा त्याला होती. आणि दोन, इंद्र आणि युधिष्ठिर एवढा वाद घालतात, पण कुत्र्याला स्वर्गात यायचंय का, हे दोघांपैकी कुणी विचारत नाही. ते कुत्रं साक्षात धर्म निघालं म्हणून निभावलं. नुसतं कुत्रं असतं, तर त्याने रथाचं चाक हुंगलं असतं.

*

वायोमिंगमध्ये बफेलो गावाच्या पुढे बिगहॉर्न पर्वत सुरू होतो. आम्ही जंगलात, एका ओढ्याकाठी ट्रक लावला. खंड्या फळीवरून स्वतः उतरला, ओढ्यापर्यंत गेला आणि पोट पाण्यात ठेवून बसला. गार, वाहतं, घोटाभर पाणी. तासभर तो तसाच. डोळे अर्धे मिटलेले. अधूनमधून पाण्यातून येणारं एखादं पान जाताना बघायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायची वेळ झाली. तो ट्रकपाशी आला आणि थांबला. गेले चार दिवस आम्ही त्याला मागच्या सीटवर उचलूनच ठेवत होतो. त्याने कधी काही म्हटलं नव्हतं. नवऱ्याने खाली वाकून हात घातला. खंड्याने पुढचे पाय मातीत रोवले, मान वळवली, जिभेने ओठ चाटले. नवरा म्हणाला, "चल रे बाळा." आणि खंड्या गुरगुरला. अगदी हळू. तेरा वर्षांत तो आमच्यापैकी कुणावरही गुरगुरला नव्हता. फटाक्यांना नाही, नखं कापताना नाही, पोस्टमनला तर नाहीच.

नवऱ्याने हात काढून घेतला.

आम्ही तिथे तीन दिवस राहिलो. भांडलोही. तो म्हणाला, त्याला पाठीत दुखलं असेल, याचा अर्थ 'समुद्र नको' असा नाही होत. मी म्हटलं, 'समुद्र हवा' असा तरी कुठे होतो? तो म्हणाला, अजून तीन दिवसांत पोचू. मी म्हटलं, परत फिरू. तो म्हणाला, परत फिरायलाही याच ट्रकमध्ये बसावं लागेल, मग ते त्याच्या मनाविरुद्ध नाही का? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते घर जवळ होतं असंही नव्हतं. पुढे समुद्र जेवढा लांब, मागे घर जवळपास तेवढंच. आम्ही दोघं ज्योतिषासारखे त्या एका गुरगुरण्याची कुंडली मांडत बसलो होतो, आणि ज्याने गुरगुरलं तो ओढ्यात बसून पानं मोजत होता.

या तीन दिवसांत बुंदीकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं. रात्री हीटरचा पंखा घरघरायला लागला की ती टेबलाखाली जाऊन थरथरत बसायची. पहिल्या रात्रीपासून बसत असणार. तिने गाडीत दोनदा ओकलं होतं, ते आम्ही पुसून टाकलं होतं. तिचा शेवटचा प्रवास नव्हता, म्हणून तिला कुणी विचारणारंही नव्हतं. मरणारा घरात असला की जिवंतांच्या तक्रारी अशाच पुसल्या जातात. ज्यांनी घरात आजारपण काढलंय त्यांना हे सांगायला नको. त्या रात्री आम्ही हीटर बंद केला आणि चौघंही एका गोधडीत झोपलो. बुंदी झोपली. खंड्या घोरला.

चौथ्या दिवशी सकाळी खंड्या ट्रकपाशी आला आणि उभा राहिला. नवऱ्याने वाकून थांबून पाहिलं. काही आवाज नाही. मग उचललं. आम्ही पूर्वेकडे वळलो. आम्ही त्याचं ऐकलं म्हणून वळलो, की माझा उत्साह संपला होता म्हणून, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. नवऱ्याचं मत दुसरं आहे. तो म्हणतो, पोचलो असतो.

*

घरी आल्यावर एक कागद मिळाला. प्राण्यांच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी केलेली मोजपट्टी. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का: सात गोष्टी, प्रत्येकीला दहा गुण. सत्तरपैकी ३५च्या वर बेरीज गेली तर अजून थांबायला हरकत नाही. आम्ही दोघंही महाराष्ट्र बोर्डाची मुलं. ३५ला पास, हे वाचून त्या अवस्थेतही हसलो. मग रोज रात्री जेवण झाल्यावर आम्ही स्वतंत्रपणे मार्क द्यायचो आणि मग कागद जुळवायचो. माझे मार्क कायम त्याच्यापेक्षा पाच-सहा कमी. एकदा मी ३४ दिले आणि खोडून ३६ केले. दहावीचे पेपर तपासणारे मास्तर काठावरच्या पोराचं असंच करत असतील.

आनंदाला किती, यावर आम्ही सगळ्यात जास्त अडलो. नवरा म्हणाला, ओढ्यात दहापैकी दहा होते. मी म्हटलं, हो. त्या तीन दिवसांचं आम्ही काहीच ठरवलेलं नव्हतं.

ऑक्टोबरात एका सकाळी तो उठला नाही, हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. डॉक्टर घरी आल्या. मी आईला आधी फोन केला. वाटलं होतं ती म्हणेल, आपण कोण ठरवणारे. ती म्हणाली, "त्याच्या कानात नाव घे." मी देवाचं घ्यायचं की त्याचं, ते विचारलं नाही. त्याचंच घेतलं, नीट उच्चारून, कारण त्या खोलीत ते नीट म्हणू शकणारे आम्ही दोघंच होतो. त्याला विचारलं का? नाही. तो जमिनीवर होता, डोकं माझ्या मांडीवर, आणि या वेळी पाय रोवण्याएवढी ताकद त्याच्यात नव्हती. गुरगुरला असता तर मी थांबले असते का, हे मला माहीत नाही.

ट्रक परत दिला. फळी गॅरेजमध्ये आहे, तिच्या खरखरीत भागात पिवळट केस अडकलेत. बुंदी तिच्यावर चढत नाही, वळसा घालून जाते.

या जूनमध्ये आई येतेय, पहिल्यांदाच एकटी. परवा फोनवर मी म्हटलं, "कुठे जायचं सांग. यलोस्टोन आहे, नायगारा आहे, काही नको असेल तर तसं सांग."

"तुम्ही न्याल तिथे," ती म्हणाली.

"तसं नको. तू सांग. आणि काहीही सांग, मला वाईट वाटणार नाही."

पलीकडून बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज. मग म्हणाली, "अगं, ती कचऱ्याची गाडी अजून मंगळवारीच येते का?"